पांढरीतले लोखंड

मुंबई-हावडा लोहमार्गावर 'भंडारा रोड' नावाचे स्थानक लागते. गाव मात्र वरठी. भोवताली धानाच्या बांध्या, मधोमध सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. वैनगंगेच्या या सपाटीवर लोखंडाचे काम कारखान्यासोबतच आले, असे प्रवाशाला वाटले तर नवल नाही. प्रत्यक्षात ते सुमारे अडीच हजार वर्षे जुने आहे.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड आहे. पेंच कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत शिरते. म्हणजे पाणी एकाच घरचे. १९७७ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथे उत्खनन केले. भाजलेल्या वक्र विटांची छोटीशी गोल भट्टी, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोहमळ त्यांच्या हाती लागले. अशा भट्टीत लोखंड पुरते वितळत नाही. मळ गळून जातो आणि सच्छिद्र गोळा उरतो. तो तापवून, ठोकून अवजारे घडवायची. वरठीच्या कारखान्यातले 'स्पंज आयर्न'ही धातुक न वितळवताच तयार होते. तत्त्व तेच, पसारा तेवढा वाढला.

हे लोहार मेलेल्यांना शिळावर्तुळांत पुरत. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९मध्येच नोंदवली होती. माहुरझरीला तर माणसांबरोबर घोडाही सापडला, तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट! टाकळघाट-खापा येथे वस्ती आणि दफने दोन्ही मिळाली. एरवी वर्तुळे ढीगभर आणि घरे दुर्मिळ, असा विदर्भातला अनुभव. म्हणून या जोडगावाचे मोल अधिक.

टाकळघाटच्या कोळशाने इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा काळ दाखवला. झाड मेले की त्यातला कार्बन-१४ घटू लागतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला मोजून वय काढतात. पण नेमक्या याच काळात एक खोच आहे. इ. स. पूर्व ८०० ते ४०० या टप्प्यात कार्बनचा दुरुस्तीचा आलेख जवळजवळ सपाट होतो. निरनिराळ्या शतकांतले कोळसे मग एकाच वयाचे दिसतात. विदर्भातल्या लोहयुगाच्या तारखा शतकाशतकांच्या पट्ट्यात दिल्या जातात, त्यामागे अभ्यासकांचा आळस नसून हे एक मोठे कारण आहे.

अशा वेळी पांढरी कामी येते. जुन्या वस्तीची राखाडी-पांढुरकी माती थरावर थर साचते. खालचा थर आधीचा. कुही तालुक्यातल्या आदमला १९८८ ते १९९२ दरम्यान अमरेंद्र नाथ यांनी असे थर उलगडले. तळाशी मध्याश्मयुग, त्यावर ताम्रपाषाण, मग लोहयुग, मौर्यकाळाचा टप्पा आणि सर्वांत वर सातवाहन. एकाच टेकाडात अख्खी वंशावळ!

त्याहून मागे जायचे तर दगडच बोलतात. चंद्रपूरजवळच्या पापामियाँ टेकडीवर पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. तिथला हिशोब लाखांत, कोळसा निरुपयोगी; कार्बनची मजल जेमतेम पन्नास हजार वर्षांची.

वैनगंगेच्या खालच्या अंगाला पवनी आहे. १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथली जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. भट्टीजवळच्या वाडीपासून तट-खंदकाच्या नगरापर्यंतचा पल्ला या सपाटीने अवघ्या काही शतकांत गाठला होता. पवनीचा तो खंदक अजूनही दिसतो.