आकड्यांना रंग कुठून येतो?

२०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस अँड्रॉइड १० वर चालणारे कितीतरी फोन एका निसर्गचित्रामुळे निकामी होऊ लागले. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ग्लेशियर नॅशनल पार्क आहे. तिथल्या सेंट मेरी सरोवराचा हा सूर्यास्ताचा फोटो एका हौशी छायाचित्रकाराने काढलेला होता. तो वॉलपेपर म्हणून लावला की फोनचा पडदा उजळायचा, विझायचा, पुन्हा उजळायचा, आणि हे थांबतच नसे. फोटोत व्हायरस नव्हता, कुणाचा वाईट हेतूही नव्हता. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये संस्कार करून फाइल बाहेर काढताना नेहमीच्या एसआरजीबीऐवजी दुसरं रंगप्रोफाइल निवडलं गेलं होतं, एवढंच.

फोनला वॉलपेपरचा उजळपणा मोजायचा असतो. त्यासाठी तो प्रत्येक पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा ठरावीक वाटा घेऊन बेरीज करतो आणि ती ० ते २५५ अशा २५६ खणांपैकी एका खणात टाकतो. या फोटोत रंगांचं रूपांतर होताना अपूर्णांक पूर्ण आकड्यात बदलले गेले आणि बेरीज २५५ च्या पुढे सरकली. त्यासाठी खणच नव्हता. प्रोग्राम कोसळला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा तेच वॉलपेपर, पुन्हा तीच बेरीज!

ही घटना मला फार मोलाची वाटते, कारण एरवी न दिसणारी गोष्ट तिने उघडी पाडली. फोटोच्या फाइलमध्ये चित्र नसतं. असतात ते आकडे, आणि त्यांचं चित्र प्रत्येक वेळी, प्रत्येक पडद्यावर, नव्याने घडवलं जातं. 'फोटो नीट दिसत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा या घडवण्यातल्या गफलतीची असते.

समजा एका पिक्सेलमध्ये लाल २००, हिरवा ४०, निळा ३० असे आकडे आहेत. हा लाल नेमका कुठला? नुसत्या आकड्यांवरून ते कळत नाही. धान्य 'चार' म्हटलं तर चार शेर की चार पायल्या हे सांगावंच लागतं. तसंच इथेही माप सांगावं लागतं. ते सांगणारी छोटीशी नोंद फाइलला जोडलेली असते, तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात.

आणि या मापाचं मूळ शोधत गेलं की आपण १९२० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये पोहोचतो. डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. माणसाला एका बाजूला एक रंग दाखवायचा आणि दुसऱ्या बाजूला तीन प्रकाशांचं मिश्रण कमीजास्त करून तोच रंग जुळवायला सांगायचं. राइटकडे निरीक्षक होते १०, गिल्डकडे ७. या १७ जणांच्या डोळ्यांवरून १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. आज तुमच्या फोनवर गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल ज्या लाल-गुलाबी छटेत दिसतो, तिच्या हिशेबाच्या तळाशी ही १७ माणसं आहेत. मला हे कितीदा वाचलं तरी थक्क करतं.

पुढे वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी मापं आली. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या काळच्या साध्या मॉनिटरला धरून एसआरजीबी मांडलं. कोडॅकचं प्रोफोटो आरजीबी तर एवढं ऐसपैस आहे की त्यात लिहिता येणाऱ्या रंगांपैकी सुमारे १३ टक्के रंग प्रत्यक्षात अस्तित्वातच नाहीत. कुठल्याही डोळ्याला न दिसणारे रंग आकड्यांत मात्र लिहिता येतात!

आता नेहमीची तक्रार बघा. फोटोशॉपमध्ये टवटवीत दिसणारा फोटो दुसरीकडे उघडला की चेहरे मलूल. फाइल मोठ्या मापाची असते, आणि दुसरा प्रोग्राम प्रोफाइल न वाचता ते आकडे एसआरजीबीचेच समजतो. फोटो इंटरनेटवर टाकायचा असेल तर बाहेर काढतानाच एसआरजीबीत रूपांतर करावं आणि प्रोफाइल जोडलेलं ठेवावं.

याच्या उलट प्रकार जास्त चकवणारा आहे. साध्या व्ह्यूअरमध्ये फोटो छान, फोटोशॉपमध्येच पिवळट. दोष फोटोशॉपला दिला जातो; पण ते बिचारं नियमाने वागत असतं. फाइलचं प्रोफाइल वाचून ते आकडे तुमच्या मॉनिटरच्या प्रोफाइलनुसार बदलून पाठवतं. मॉनिटरचं प्रोफाइलच सदोष असेल, तर ते पाळणारा प्रोग्राम चुकीचं दाखवतो आणि ते न वाचणारा बरोबर दाखवल्यासारखा भासतो. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये मॉनिटरसाठी तात्पुरतं एसआरजीबी प्रोफाइल लावा आणि फोटोशॉप पुन्हा सुरू करा. पिवळटपणा गेला तर चोर सापडला. मग कॅलिब्रेशनच्या उपकरणाने मॉनिटरचं नवं प्रोफाइल करून घेणं उत्तम.

रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे जपणाऱ्या फाइलची, गंमत याहून खोल आहे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत असते. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी. निम्म्या गाळण्या हिरव्या, कारण बारकावे टिपताना आपला डोळा हिरव्यावर जास्त विसंबतो. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तीनपैकी एकच आकडा खरोखर मोजता येतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. पूर्ण फोटोतले दोन तृतीयांश आकडे अशा हिशेबातून आलेले असतात, आणि तरी आपल्याला त्यात आपलं माणूस ओळखू येतं!

हा हिशेब एकाच पद्धतीने होत नाही. कॅमेरा स्वतःच्या पद्धतीने एक तयार जेपेग रॉ फाइलमध्ये ठेवून देतो. लाइटरूम आधी ते दाखवू शकतं, आणि मग स्वतःचा हिशेब पूर्ण झाला की ते बदलतं. 'फोटो डोळ्यांदेखत फिका पडला' असं वाटतं ते यामुळे. हरवलेलं काहीच नसतं. लाइटरूममधल्या प्रोफाइलच्या यादीत कॅमेऱ्याच्या शैलीशी जुळणारं प्रोफाइल असेल तर ते निवडलं की बरंचसं रूप परत येतं.

काही तक्रारींचं मूळ मात्र रंगाच्या मापात नसतं. उभा फोटो आडवा दिसतो, कारण कॅमेरा आकड्यांची जाळी फिरवत नाही. 'दाखवताना फिरवा' अशी १ ते ८ मधली एक खूण लिहून ठेवतो, आणि काही प्रोग्राम ती वाचत नाहीत. फोटोशॉपमध्ये अचानक सगळेच रंग मरगळले तर कंट्रोल आणि वाय या कळा चुकून दाबल्या गेल्या असतील. त्यांनी छपाईचं पूर्वदृश्य चालू होतं, त्याच कळांनी बंदही होतं. काळे चौकोन किंवा तुटके तुकडे दिसले तर ग्राफिक्स कार्डाचा वापर सेटिंगमधून बंद करून बघा आणि त्याचा ड्रायव्हर अद्ययावत करा. धार आणि कणीदारपणा नेहमी १०० टक्क्यांवरच तपासा; तिथेच फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसतो.

सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात आवडणारी परीक्षा वेगळीच आहे. फोटोशॉपमध्ये एसआरजीबीची नवी फाइल उघडा आणि ती १२८, १२८, १२८ या रंगाने भरा. तिन्ही आकडे समान म्हणजे तो शुद्ध राखाडी. इन्फो पॅनेलमध्येही तेच आकडे दिसतील. तरीही तुम्हाला त्यात गुलाबी किंवा पिवळी झाक दिसली, तर फोटोवर संशय घेऊ नका. आधी पडद्याचा नाइट मोड बघा, मग मॉनिटरचं प्रोफाइल, मग खुद्द मॉनिटर. हे होईपर्यंत रंगाच्या एकाही स्लायडरला हात लावू नका आणि मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, कारण पडद्याचा दोष झाकण्यासाठी फोटोत केलेली दुरुस्ती आकड्यांमध्ये उतरते आणि तो फोटो बाकीच्या सगळ्या पडद्यांवर चुकीचा दिसतो.