चार नंबर आणि सतरा नंबर

पहाटे साडेपाच

रात्री पाऊस झालाय. चिंचेच्या आडून, चाहूल लागू न देता दुर्बीण लावतो. आवारात एकवीस तारा कासवं आहेत. काही घरांतून आलेली, काही तस्करांच्या बॅगांतून सुटलेली. कोण उघड्यावर, कोण गवताच्या बुंध्यात, ते वहीत टिपायचं. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. नाव दिलं की हाक मारावीशी वाटते.

साडेसहा

हरळी, घोळ, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं. हे ताटलीत मांडून देत नाही, झुडपांत विखरून टाकतो, रोज नव्या जागी. रानात परत सोडायचं तर शोधून खायची सवय लागली पाहिजे.

चार नंबर मात्र माझ्या बुटांकडेच चालत येतं. अनेक वर्षं ते एका फ्लॅटच्या गॅलरीत होतं. पोळी, काकडी, टोमॅटो यांवर वाढलं. तारा कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे निसर्गतःही असतात, पण याच्या पाठीवर टेकड्या उभ्या राहिल्यात. आणून देताना त्या घरच्या आजी रडल्या. ‘‘ओळखतं हो आम्हाला,’’ म्हणाल्या. खरंच ओळखत असणार. मला त्याचीच धास्ती आहे.

नऊ

वजन, डोळे, नाक. नाकातून पाणी येत असेल तर ते कासव लगेच वेगळं ठेवायचं. इथला आजार रानातल्या कासवांत गेला, तर सोडण्यापेक्षा न सोडलेलं बरं.

मग स्वभावाची नोंद. कासव उचलून घमेल्यात ठेवायचं, मागे सरायचं आणि डोकं बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. चार नंबर अकरा सेकंदांत बाहेर. सतरा नंबरला चोवीस मिनिटं लागली. दर पंधरवड्याला मोजतो. आकडे थोडे हलतात, क्रम जवळपास तोच राहतो. म्हणून मी याला स्वभाव म्हणतो. पाहुण्यांना चार नंबर आवडतं, सतरा दिसतच नाही. पण माणसाच्या सावलीला घाबरून आत जाणारं कासव पिशवीत भरणाऱ्याच्या हाती सहज लागत नाही. माझा जीव सतरावर आहे.

एक

ऊन वाढलं की सगळी सावलीत. फोन येतो: ‘‘घरात कासव आहे, तळ्यात सोडू का?’’

‘‘काका, पाठीवर चांदण्या आहेत का? मग नका सोडू. ते जमिनीवरचं आहे, बुडून मरेल. वनविभागाकडे द्या.’’

हे मी आठवड्यातून दोनदा तरी सांगतो. हे कासव घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, 2022च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत आलं. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही 2019मध्ये बंद झाला. तरी ‘घरात असलं की लक्ष्मी टिकते’ ही समजूत टिकून आहे. शिवाय रानात सोडणंही सोपं नाही: गुजरात-राजस्थानकडची आणि दक्षिणेकडची कासवं वंशाने वेगळी. कुठली कुठे सोडायची हेही आधी ठरवावं लागतं.

तीन

इथे शिकायला आलेल्या नव्या मुलांना गॅलापागोस बेटांवरच्या कासवांची गोष्ट सांगतो. एस्पान्योला बेटावर चौदाच कासवं उरली होती, बारा माद्या आणि दोन नर. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेला दिएगो हा तिसरा नर. दिएगो धसमुसळा, जगभर प्रसिद्ध. पण पुढच्या पिढीची तपासणी झाली तेव्हा सुमारे साठ टक्के पिल्लं ‘ई-5’ नावाच्या अबोल नराची निघाली, चाळीसेक टक्के दिएगोची. 2020मध्ये पंधराही म्हातारी प्रजनन केंद्रातून त्या बेटावर परत गेली. मुलं दिएगोचा फोटो मागतात. मी ई-5चा शोधायला लावतो.

सहा

सतरा नंबर करवंदीच्या जाळीत शिरलंय. कवचाचा कडेचा एक खवला तेवढा दिसतो. चार नंबर मागे येतं. मी न थांबता, न बघता चालत राहतो. मन मागेच असतं. काल ते थेट दारापर्यंत आलं होतं. आज निम्म्या वाटेवर त्याला ओली हरळी लागली. दाराला कडी घालून वळून पाहिलं, तर ते अजून तिथेच खात होतं. वहीत वेळ लिहिली: सहा वाजून दहा.