नासलेली माती

दूध नासते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण माती नासते म्हटले तर वाचक मला वेड्यात काढतील. मी मात्र ती नासताना पाहिली आहे, आणि तीही माझ्याच हुकमाने.

१९८४ सालची गोष्ट. मुंबईजवळच्या एका खाडीवर पुलाचा पाया घेण्याचे काम चालले होते आणि मी तिथे नवाकोरा इंजिनिअर होतो. जमिनीत खोल भोक घ्यायचे, त्यात सळयांचा सांगाडा सोडायचा आणि काँक्रीट भरायचे. भोक ढासळू नये म्हणून ते बेंटोनाइट कालवलेल्या पाण्याने भरून ठेवतात. बेंटोनाइट म्हणजे कच्छमधून पोत्यांतून येणारी एक चिकणमाती. त्या दिवशी गोड्या पाण्याचा टँकर आला नाही. मुकादम म्हणाला, "साहेब, खाडी भरलीय. पंप लावू का?" मी म्हटले, "लावा."

रात्री दोनच्या सुमारास भोकाच्या भिंती आत बसल्या आणि खडक फोडायची अवजड चिझल खाली गाडली गेली. माणूस कोणी दगावला नाही, हे नशीब.

सकाळी थोरले साहेब आले. मला वाटले, आता नोकरी गेली. त्यांनी काचेचे दोन पेले मागवले. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात खाडीचे, आणि दोन्हींत चमचा चमचा बेंटोनाइट. पहिल्यात माती फुगून पेजेसारखी दाट झाली. दुसऱ्यात नासलेल्या दुधासारखे कण होऊन तळाशी बसले, वर नितळ पाणी. "काय रे," ते म्हणाले, "तुझी आई वाल भिजत घालताना पाण्यात मीठ टाकते का?"

त्यांनी समजावले ते असे. या मातीचे कण म्हणजे कागदाहून कितीतरी पातळ पापुद्रे. एका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी. प्रत्येकावर ऋण विद्युत्‌भार असतो आणि त्याभोवती सोडियमच्या धनभारित कणांचे वलय. गोड्या पाण्यात ही वलये ऐसपैस पसरतात आणि पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. माती फुगते ती त्यामुळे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मात्र सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या गर्दीत वलये आक्रसतात आणि पापुद्रे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर अधिकच खट्याळ. दुहेरी भाराच्या जोरावर ते सोडियमला हुसकून त्याच्या जागी बसतात.

समुद्राखालच्या बोगद्यात हीच गोष्ट जिवावर बेतणारी. टोकियोच्या उपसागराखालून १९९७ साली रस्ता खुला झाला. त्याचा बोगदा १४.१४ मीटर व्यासाच्या आठ यंत्रांनी खणला, आणि तो समुद्रसपाटीखाली ६० मीटरपर्यंत जातो. तिथे पाण्याचा दाब सहा वातावरणांएवढा! अशा यंत्राच्या तोंडाशी बेंटोनाइटचे पाणी दाबाने भरतात. ते मातीत किंचित झिरपते आणि तिच्यावर साय धरते. त्या सायीवर रेटा देऊनच समोरची माती आणि समुद्र थोपवायचा. बेंटोनाइट नासले की साय जाड पण सच्छिद्र होते, पाणी तिच्यातून निसटते आणि रेटा मातीच्या पोटात जिरून जातो. शिवाय हेच पाणी खणलेली माती नळांतून वर आणते आणि गाळून पुन्हा खाली जाते. दर फेरीत थोडे मीठ घेऊन येते. म्हणून दाटपणा, गळती आणि खारटपणा हे सारखे मोजत राहावे लागते. आपल्या मुंबईत मलबार हिलखालून, गिरगाव चौपाटीजवळ, किनारी रस्त्याचे जोडबोगदे १२.१९ मीटर व्यासाच्या 'मावळा' यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात खणले, तेही याच जातीचे यंत्र.

उपाय वालांचाच. माती आधी गोड्या पाण्यात दिवसभर भिजवायची, पुरती फुगू द्यायची; मग खारे पाणी मिसळले तरी ती बरीच तग धरते. कॅल्शियम बसवायला धुण्याचा सोडा टाकतात. पापुद्र्यांना आवरण देणारी, सेल्युलोजपासून केलेली पूडही घालतात. अगदीच खारे पाणी असेल तर अ‍ॅटापल्गाइट नावाची दुसरीच माती घेतात. तिचे कण सुयांसारखे. ते फुगून नव्हे, तर एकमेकांत अडकून दाटपणा देतात, त्यामुळे मिठाची त्यांना फारशी पर्वा नसते. मात्र तिची साय तितकी घट्ट नसते.

आम्ही शेजारी नवे भोक घेतले, टँकरच्या पाण्याने. चिझल काही निघाली नाही. तिची किंमत साहेबांनी कोणत्या खात्यात दाखवली, हे मी त्यांना कधी विचारले नाही.