पॉवर मशीन घरी आणताना

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि वरळीतल्या कित्येक घरांची चूल बायकांच्या कष्टावर पेटू लागली. आजही शिलाईसाठी पॉवर मशीन घेणाऱ्या भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. स्टँडच्या पायांखाली रबर घालावे, म्हणजे खालच्या बिऱ्हाडाला हादरा कमी बसतो. तबकात वरच्या खुणेपर्यंत मशीनचे तेल भरावे. कोरडे मशीन झिजून जाम होते. सुईची लांब खाच डावीकडे ठेवून दोरा डावीकडून उजवीकडे ओवावा. मोटरला अर्थिंग हवेच. हातचाक आपल्याकडे फिरते का, ते पाहावे. पहिले टाके चिंधीवर सावकाश घालावेत. मशीन हेच आपले भांडवल; ते जपले, तरच मजुरी पदरात पडते.