सेलू म्हणजे नेमकं कोणतं?

वर्धा जिल्ह्यात तालुके आठ: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. डेटाबेसच्या टेबलात या आठ ओळी घालायच्या, तर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली आज्ञा साधी आहे. आधी ‘इन्सर्ट इंटू’, मग टेबलाचं नाव, कंसात रकाने, त्यापुढे ‘व्हॅल्यूज’ आणि त्याच क्रमाने माहिती. जिल्ह्यापुरतं टेबल असेल तर काम चुटकीसरशी होतं. गंमत सुरू होते ती साऱ्या महाराष्ट्राचं टेबल भरताना.

सेलू तालुका परभणीतही आहे. आष्टी बीडमध्येही आहे आणि कारंजा वाशीममध्येही. आठातले तीन तालुके जुळ्या नावांचे! नावालाच ‘प्रायमरी की’, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, केलं, तर दुसरं सेलू घालताक्षणी डेटाबेस ती ओळ नाकारतो. माणसांनी यावर संगणकाच्या कितीतरी आधी तोड काढली. वाशीमचं कारंजा लाड, आपलं कारंजा घाडगे. आपली आष्टी म्हणजे आष्टी शहीद, कारण १९४२ च्या लढ्यातले हुतात्मे तिच्या नावातच आहेत. टेबलातही हेच करता येतं: तालुका आणि जिल्हा हे दोन रकाने मिळून एक ओळख. तिला ‘कॉम्पोझिट की’ म्हणतात.

नावांच्या घोळाचा सगळ्यात मोठा किस्सा सेवाग्रामचा. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. डेटाबेसच्या भाषेत हा ‘इन्सर्ट’ नव्हे, ‘अपडेट’. गाव तेच, नाव नवं. इथे चुकून नवी ओळ घातली तर एकाच गावाच्या दोन नोंदी होतात. खरा ‘इन्सर्ट’ झाला १८६२ मध्ये, नागपुरातून वेगळा होऊन वर्धा जिल्हा जन्मला तेव्हा.

नावांसारखाच घोळ आकड्यांचाही होतो. वर्ध्याचा एसटीडी कोड ०७१५२. तो आकड्यांच्या रकान्यात घाला, पुढचं शून्य गायब! उरतात ७१५२. ज्याची बेरीज कधी करायची नाही, तो आकडा अक्षरांच्याच रकान्यात ठेवावा, हे माझं ठाम मत.

‘वर्धा’ या शब्दात अक्षरं किती? डोळ्यांना दोन. युनिकोडला पाच: व, र, हलन्त, ध, काना. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण पंधरा. दोन अक्षरांपुरता रकाना आखलात तर वर्धा त्यात मावत नाही.

नाव बदलणं खुद्द एसक्यूएललाही चुकलं नाही. या भाषेचं मूळ नाव ‘सीक्वेल’. १९७४ मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेम्बरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती मांडली. विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या ट्रेडमार्कमुळे पुढे नाव बदलावं लागलं.

आणि ‘कमिट’, म्हणजे घातलेली ओळ पक्की करणं? तो शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. जमीन घेतली की तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नवी ओळ घालतो. मग नोटीस निघते, हरकतींसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती नोंद पक्की होऊन सातबारावर चढते. ‘इन्सर्ट’ झाला पण ‘कमिट’ राहिला, तर डेटाबेसमध्येही ओळ पक्की होत नाही.

आणि जुळ्या नावांचा घोळ टाळायचा, तर कुठल्याही अर्जावर नुसतं ‘सेलू’ लिहून थांबू नका. पुढे ‘जि. वर्धा’ जरूर लिहा.