कोयनेचे धरण : कुंभार की गाढव?

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. दख्खनचे पठार म्हणजे अढळ कातळ, ही तोवरची समजूत एका पहाटेत कोसळली. मागे उरला एक प्रश्न : हे धरणामुळे झाले का?

प्रश्नाला आधार होता. १९६२ पासून जलाशय भरू लागला आणि त्या पाठोपाठ परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते. पण एकामागून दुसरे घडले, एवढ्याने पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७३९ मध्ये हा मुद्दा थेट मुळाशी नेला. आपल्याला फक्त घटनांचा क्रम दिसतो. त्यांना बांधून ठेवणारी अपरिहार्यता डोळ्यांना कधीच दिसत नाही.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, मडक्याच्या उदाहरणातून याचा विचार केला होता. माती, कुंभार, चाक, दंड ही मडक्याची कारणे. माती वाहून आणणारे गाढव मात्र कारण नव्हे. ते मडक्याआधी हजर असले तरी त्याच्यावाचून मडके अडत नाही. अशा गोष्टीला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ म्हटले. मग कोयनेचे धरण यात कोण?

भूकंपाची ऊर्जा पाण्याची नव्हती. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि त्याचा ताण खडकात साठत राहतो. पाणी भेगांतून खोल उतरले, तिथला दाब वाढला, की एकमेकांना घट्ट धरून असलेल्या खडकांची पकड ढिली होते. ताण आधीचाच, पाणी त्याला वाट देते.

हे नुसते तर्काने रचलेले नाही. १९६९ नंतर अमेरिकेत कोलोरॅडोतील रेंजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम विहिरींत पाणी दाबून भरले, तेव्हा धक्के वाढले; दाब उतरवला, तेव्हा ते कमी झाले. कोयनेत असा प्रयोग करणे अशक्य. तरी निसर्गाने आणि आपल्या बांधकामांनी मिळून तो केलाच : १९८५ मध्ये दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागला आणि पुढे धक्क्यांचे क्षेत्रही वारणेकडे पसरले. माझ्या मते इथे धरण गाढव ठरत नाही.

पण ‘का’ इथे थांबत नाही. भूपट्ट का सरकतो? पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे. ती तिथे का? हे विचारत गेलो तर तळ लागत नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम आधीच मांडूनही न्यूटनने १७१३ मध्ये त्याच्या कारणाबद्दल कल्पना लढवायला साफ नकार दिला. तरीही त्या नियमावर ग्रहांच्या वाटा मोजता आल्याच. अंतिम कारण हाती येईपर्यंत काहीच उलगडले नाही, असे म्हणणे मला मान्य नाही. काय बदलले तर काय बदलेल, हे जे सांगते ते खरे स्पष्टीकरण. ज्यांची माणसे गेली त्यांचा ‘आमच्याच वाट्याला का?’ हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि भूशास्त्राने त्याचे उत्तर दिल्याचा आव आणू नये.

धरण हे त्या भूकंपाचे खरे कारण आहे, पण एकटे नाही. ‘त्याच पहाटे का?’ हे आजही सांगता येत नाही. त्यासाठी भूकंप जिथे जन्मतात त्या खडकापर्यंत उतरावे लागेल. कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. बेसाल्टचा थर ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटात पोहोचले आहे. या अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.