शस्त्रक्रियागृहातील भूलवायूंची गळती आणि कर्मचाऱ्यांचे आरोग्य

प्रस्तावना :
१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या साहाय्याने वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडविले आणि वैद्यकाच्या इतिहासात नवे पर्व सुरू झाले. मात्र भूल ही केवळ रुग्णाच्याच श्वासात जाते, हा समज दीर्घकाळ कायम राहिला. वस्तुतः रुग्ण काही तासच हा वायू घेतो. भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, परिचारिका व वॉर्डबॉय मात्र तो अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे घेत असतात. प्रस्तुत लेखात या धोक्याचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचा थोडक्यात विचार केला आहे.

गळतीची कारणे :
नायट्रस ऑक्साइड, हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन हे वायू व बाष्परूप द्रव्ये श्वसनाद्वारे दिली जातात. चेहऱ्यावर नीट न बसलेला मास्क, यंत्राचे सैल जोड, व्हेपोरायझर भरताना सांडलेले द्रव्य आणि रुग्णाचा उच्छ्वास या मार्गांनी ती खोलीत मिसळतात. लहान मुलांना मास्कद्वारे भूल देताना गळती अधिक होते. शस्त्रक्रियेनंतरही रुग्ण हे वायू उच्छ्वासातून बाहेर टाकत असल्याने रिकव्हरी रूममधील परिचारिकाही यातून सुटत नाहीत.

आरोग्यावरील परिणाम :
तीव्र संपर्काने डोकेदुखी, मळमळ, थकवा, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव जाणवतो. दीर्घकालीन परिणामांची चर्चा १९६७ मध्ये सोव्हिएत संशोधक वैसमन यांच्या पाहणीने सुरू झाली. त्यांनी नोंदविलेल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांच्या ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भपातात संपल्या होत्या. ही पाहणी लहान होती आणि तीत तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, त्यामुळे तिच्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. तथापि तिने प्रश्न उपस्थित केला, हे तिचे महत्त्व होय.

अमेरिकेतील दंतचिकित्सा साहाय्यक स्त्रियांच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अधिक स्पष्ट दिशा दिली. वायू बाहेर काढण्याची सोय नसलेल्या ठिकाणी आठवड्यातून पाच तास वा अधिक नायट्रस ऑक्साइडच्या संपर्कात असणाऱ्या स्त्रियांची दर मासिक चक्रातील गर्भधारणेची शक्यता, संपर्क नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे ४१ टक्केच आढळली. जेथे अशी सोय होती तेथे ही घट दिसून आली नाही. नायट्रस ऑक्साइड ब-१२ जीवनसत्त्वातील कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून ते निष्क्रिय करतो व त्यामुळे डीएनए-निर्मितीत अडथळा येतो, हे ज्ञात आहे. हॅलोथेनमुळे यकृतदाह होऊ शकतो, हेही सर्वमान्य आहे.

मर्यादा व उपाय :
अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९७७ मध्ये नायट्रस ऑक्साइडसाठी दशलक्षात २५ भाग, तर हॅलोथेनसारख्या द्रव्यांसाठी दशलक्षात २ भाग अशी मर्यादा सुचविली. हॅलोथेनचा वास बहुधा या मर्यादेच्या बऱ्याच वर गेल्यावर येतो. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज फसवा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी लावला जाणारा कापडी वा कागदी मास्कही वायूला अडवीत नाही.

पुढील उपाय उपयुक्त ठरतात :
१) वापरलेले वायू नळीद्वारे इमारतीबाहेर सोडणारी स्कॅव्हेंजिंग यंत्रणा.
२) बाहेरची ताजी हवा पुरेशी घेणारे वायुवीजन. खोलीतीलच हवा फिरविणारा वातानुकूलक वायू बाहेर टाकत नाही.
३) यंत्राची नियमित गळती-तपासणी, कमी प्रवाहाची भूल आणि शक्य तेथे शिरेतून दिली जाणारी भूल.
४) हवेतील प्रमाणाचे ठरावीक काळाने मापन आणि कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी.

निष्कर्ष :
उपलब्ध पुराव्यावरून धोका सर्वत्र सारखा नाही, तो प्रामुख्याने वायू बाहेर काढण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे, असे म्हणता येते. म्हणजेच तो बव्हंशी टाळता येण्याजोगा आहे. आपल्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडणाऱ्या अनेक विद्यार्थिनी परिचारिका व तंत्रज्ञ म्हणून याच खोल्यांत उभ्या राहणार आहेत. गर्भवती असताना काम बदलून मागण्याचा संकोच त्यांना वाटू नये, यंत्रणा बंद असल्यास ते विचारण्याचे धैर्य त्यांच्यात असावे, यासाठी हे ज्ञान अभ्यासक्रमातूनच त्यांच्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.